पंचवीस टक्के भरले, पुढे काय?

गेल्या अंकात अमेरिकेतल्या हिस्पॅनिक (म्हणजे स्पॅनिश संस्कृतीशी किंवा वंशाशी नातं असलेल्या लोकांच्या) उच्चशिक्षणाची आणि त्यात हयात घालवणाऱ्या प्राध्यापकांची ओळख करून देणारा लेख होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना आमच्या सल्लागारांनी दिलेली ही उत्तरं. पत्रं संक्षिप्त केली आहेत, नावं छापलेली नाहीत.

प्रश्न (पुणे) : मुलीला समाजशास्त्रातल्या पीएच.डी.साठी टेक्सासमधल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळतो आहे. त्यांच्या संकेतस्थळावर ‘हिस्पॅनिक सर्व्हिंग इन्स्टिट्यूशन’ असं ठळक अक्षरांत लिहिलंय. हे राखीव विद्यापीठ असतं का? तिथे तिला उपरं तर वाटणार नाही?

उत्तर : राखीव अजिबात नाही. आपल्याकडे आरक्षण म्हटलं की जागा डोळ्यांसमोर येतात, अमुक प्रवर्गाला इतक्या. अमेरिकेत तसं करता येत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या वैद्यकीय शाखेने १०० पैकी १६ जागा बाजूला ठेवल्या होत्या. ‘बाकी’ खटल्यात (बाकी हे फिर्यादीचं आडनाव) सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ती पद्धत मोडीत काढली. एचएसआय (‘हिस्पॅनिक सर्व्हिंग इन्स्टिट्यूशन’चं लघुरूप) हा दर्जा प्रवेश देताना कुणाला झुकतं माप द्यायचं यासाठी नाही. प्रवेश होऊन गेल्यावर जी डोकी मोजली जातात, त्यावरून तो ठरतो. पदवीच्या विद्यार्थ्यांत किमान २५ टक्के हिस्पॅनिक हवेत, संस्था सरकारी किंवा ना-नफा आणि मान्यताप्राप्त हवी. केंद्राचं अनुदान हवं असेल तर आणखी दोन अटी : गरजू विद्यार्थ्यांचं प्रमाण मोठं आणि दर विद्यार्थ्यामागचा खर्च त्याच प्रकारच्या इतर संस्थांपेक्षा कमी.

मोजणीत एक मेख आहे. टक्केवारी नुसत्या पटावर काढत नाहीत, पूर्णवेळ विद्यार्थ्यांच्या हिशेबात काढतात. ढोबळ रीत अशी की तीन अर्धवेळ विद्यार्थी मिळून एक पूर्णवेळ धरायचा. समजा, एका कॉलेजात ६,००० पूर्णवेळ आणि ३,००० अर्धवेळ मुलं आहेत. त्यांत हिस्पॅनिक १,३०० पूर्णवेळ आणि १,२०० अर्धवेळ. पटावर पाहिलं तर ९,००० पैकी २,५००, म्हणजे जवळजवळ २८ टक्के. पूर्णवेळ हिशेबात मात्र ७,००० पैकी १,७००, म्हणजे २४.३ टक्के. कॉलेज नापास! नोकरी सांभाळून शिकणाऱ्या मुलांचा भरणा जिथे जास्त, तिथेच नेमकं हे घडतं. शिवाय व्हिसावर आलेला मेक्सिकन विद्यार्थी सरकारी आकडेवारीत ‘परदेशी’ रकान्यात जातो, हिस्पॅनिक रकान्यात नाही. तुमची मुलगी तर पीएच.डी.ची, त्यामुळे ती या मोजणीत कुठेच येत नाही.

उपरेपणाबद्दल सरसकट काही सांगता येत नाही, कारण दर्जा एक असला तरी विद्यापीठं वेगवेगळी. टेक्सास विद्यापीठाच्या एल पासो शाखेत ८० टक्क्यांहून जास्त विद्यार्थी हिस्पॅनिक आहेत, आणि काही जण रोज पूल ओलांडून मेक्सिकोतल्या सियुदाद हुआरेसमधून येतात. ऑस्टिनच्या मुख्य शाखेने २०२० मध्ये कुठे २५ टक्क्यांचा उंबरठा ओलांडला. (एल पासोच्या इमारती भूतानी मठांच्या धर्तीवर बांधलेल्या आहेत, १९१७ पासून. हिमालयाच्या आठवणीने तिथे कुणाला परकं वाटायला नको.) निर्णयाआधी ‘कॉलेज नेव्हिगेटर’ या सरकारी, मोफत संकेतस्थळावर संस्थेचं नाव टाका आणि हिस्पॅनिक विद्यार्थ्यांचं सहा वर्षांत पदवी पूर्ण करण्याचं प्रमाण पाहा. मग विभागाला ईमेल करून विचारा की प्राध्यापकांत हिस्पॅनिक किती. २५ टक्क्यांची पाटी अभिमानाने लावणाऱ्या संस्था या दुसऱ्या प्रश्नावर बऱ्याचदा घुटमळतात.

प्रश्न (पणजी) : आमचं आडनाव फर्नांडिस. भाच्याचा जन्म न्यू जर्सीतला, यंदा कॉलेजचे अर्ज भरतोय. मित्र म्हणतात, ‘हिस्पॅनिक’च्या चौकटीत खूण कर, आडनाव पाहून कोण विचारतंय!

उत्तर : करू नये. अमेरिकी सरकारची व्याख्या स्पॅनिश संस्कृतीशी किंवा वंशाशी जोडलेली आहे : मेक्सिकन, प्वेर्तो रिकन, क्यूबन, दक्षिण आणि मध्य अमेरिकी किंवा अन्य स्पॅनिश मूळ. गोव्याचं नातं पोर्तुगालशी, आणि तेही बहुतेकांच्या बाबतीत बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेल्या आडनावापुरतं. स्पॅनिशमध्ये ते आडनाव ‘झेड’ने संपतं, पोर्तुगीजमध्ये ‘एस’ने. जाणकाराला पहिल्या नजरेत कळतं. खुद्द पोर्तुगीज बोलणारे ब्राझिलियनसुद्धा जनगणनेत सहसा हिस्पॅनिक धरले जात नाहीत.

खूण स्वतःहून करायची असते, कुणी दाखला मागत नाही, हे खरं. पण खोटं पुढे कधीही उघडं पडतं. वॉशिंग्टनमधल्या एका इतिहासाच्या प्राध्यापिकेने आपण कृष्णवर्णीय-कॅरिबियन असल्याची बतावणी वर्षानुवर्षं केली होती. २०२० मध्ये ते बाहेर आलं आणि पद सोडावं लागलं. आणि फायदा तरी काय? २०२३ च्या निकालानंतर (खाली त्याबद्दल आहे) प्रवेशाच्या निर्णयात ती चौकट धरताच येत नाही. भाच्याने निबंधात गोव्याबद्दल खरं लिहावं. ते चालतं आणि वाचलंही जातं.

प्रश्न (नाशिक) : हे क्षेत्र उभं कुणी केलं? लेखात १९८६ पासूनची माहिती होती. त्याआधी काहीच नव्हतं का?

उत्तर : होतं, आणि तेच जास्त वाचनीय आहे. १९८६ मध्ये सॅन अँटोनियोत १८ संस्थांनी मिळून ‘हाकू’ ही हिस्पॅनिक महाविद्यालयांची संघटना काढली, तिने कायद्यात व्याख्या आणण्यासाठी पाठपुरावा केला. १९९२ मध्ये व्याख्या उच्चशिक्षण कायद्यात आली, प्रत्यक्ष पैसा यायला १९९५ उजाडलं, आणि १९९८ मध्ये या अनुदानासाठी कायद्यात ‘टायटल फाइव्ह’ हे स्वतंत्र प्रकरण झालं. आज अशा संस्था सहाशेच्या आसपास आहेत. हा झाला कागदोपत्री इतिहास.

त्याच्या आधीच्या पिढीत टेक्सास विद्यापीठातले जॉर्ज सांचेझ होते, त्यांनी मेक्सिकन मुलांवर लादलेल्या बुद्ध्यंक चाचण्यांच्या निकषांनाच आव्हान दिलं. नोत्र दाममध्ये समाजशास्त्र शिकवणारे हुलियन समोरा होते. मग १९६८ उजाडलं. पूर्व लॉस एंजलिसच्या शाळांतली हजारो मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. त्याच वर्षी कॅल स्टेट लॉस एंजलिसमध्ये चिकानो (म्हणजे मेक्सिकन-अमेरिकन) अभ्यासाचा विभाग निघाला आणि पुढच्या वर्षी नॉर्थरिजला रोदोल्फो अकुन्या यांनी दुसरा उभा केला. एप्रिल १९६९ मध्ये सांता बार्बराच्या परिषदेत विद्यार्थी आणि प्राध्यापकांनी मिळून एक आराखडा तयार केला : अभ्यासक्रम कोणते, प्रवेश कसे, विभागाचं नियंत्रण कुणाकडे. पुढच्या काळात निघालेल्या चिकानो विभागांपैकी अनेकांच्या मुळाशी हाच कागद आहे.

न्यूयॉर्कची कथा प्वेर्तो रिकन लोकांची. अंतोनिया पांतोहा यांनी १९६१ मध्ये ‘आस्पिरा’ काढली. कल्पना साधी होती : शाळेशाळेत मुलांची मंडळं, त्यांना कॉलेजपर्यंत नेणारे सल्लागार. या संस्थेने शिक्षण मंडळावर दावा लावला, आणि १९७४ च्या तडजोडीने शहरातल्या स्पॅनिश भाषक मुलांना द्विभाषक शिक्षणाचा हक्क मिळाला. १९६८ मध्ये साउथ ब्रॉन्क्ससाठी ओस्तोस कम्युनिटी कॉलेज मंजूर झालं. प्वेर्तो रिकोचे शिक्षणतज्ज्ञ एउहेनियो मारिया दे ओस्तोस यांचं नाव त्याला दिलं. १९७० मध्ये वर्ग भरले ते टायरच्या जुन्या कारखान्यात. इंग्रजी पक्कं होईपर्यंत बाकीचे विषय स्पॅनिशमधून शिका, ही तिथली पद्धत. १९७६ मध्ये शहराची तिजोरी रिकामी झाली तेव्हा हे कॉलेज दुसऱ्यात विलीन करायचं ठरलं. विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी इमारत ताब्यात घेतली, वस्तीतल्या लोकांनी जेवण पुरवलं, आणि शेवटी राज्य विधिमंडळाने कॉलेज वाचवलं. आजही ते चालू आहे.

एका माणसाच्या कारकिर्दीतून हे सगळं पाहायचं असेल तर तोमास रिव्हेरा घ्या. १९३५ मध्ये टेक्सासच्या क्रिस्टल सिटीत जन्म. घरचे लोक हंगामी शेतमजूर : हंगाम सुरू झाला की उत्तरेकडे आयोवा, मिनेसोटापर्यंत तोडणी-खुडणीला, परत आल्यावर शाळा. आपल्या बीड-नगरच्या ऊसतोड कुटुंबांची ओढाताण ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. शाळामास्तर, मग १९६९ मध्ये ओक्लाहोमातून स्पॅनिश साहित्यात पीएच.डी., मग सॅन अँटोनियो आणि एल पासोत प्रशासन. १९७९ मध्ये ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेचे प्रमुख झाले. त्या विद्यापीठाच्या कुठल्याही शाखेला लाभलेले ते पहिले लॅटिनो (लॅटिन अमेरिकी मुळाचे) प्रमुख. १९८४ मध्ये, पन्नाशीही गाठलेली नसताना, ते गेले. तिथल्या ग्रंथालयाला त्यांचं नाव आहे, आणि २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शाखांमध्ये एचएसआय दर्जा सर्वांत आधी रिव्हरसाइडलाच मिळाला. त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९८६ मध्ये, हुलिएत गार्सिया टेक्सास साउथमोस्ट कॉलेजच्या अध्यक्षा झाल्या. अमेरिकेत कॉलेजचं प्रमुखपद मिळवणारी ती पहिली मेक्सिकन-अमेरिकन स्त्री. १९८६ पर्यंत वाट पाहावी लागली, यातच बरंच आलं.

प्रश्न (वर्धा) : या सगळ्यात मराठी माणूस कुठे?

उत्तर : अमेरिकेतल्या चळवळीत शोधाल तर फारसा सापडणार नाही. थेट मेक्सिकोत मात्र तुमच्याच जिल्ह्यातला एक आहे. गदर चळवळीतले पांडुरंग सदाशिव खानखोजे १९२४ मध्ये मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर काम केलं आणि शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकीशाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा यांनी शिक्षण मंत्रालयातल्या एका भित्तिचित्रात त्यांना भाकरी वाटणाऱ्याच्या रूपात रंगवलं आहे. १९६७ मध्ये नागपुरात त्यांचं निधन झालं. २०२२ मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी) : मी एका एचएसआय विद्यापीठात असिस्टंट प्रोफेसर आहे, तिसरं वर्ष चालू. विभागात गोरेतर आम्ही दोघंच, त्यामुळे विविधता समिती, भरती समिती, विद्यार्थी मंडळाची सल्लागारी असं सगळं माझ्या गळ्यात. लॅटिनो मुलं मन मोकळं करायला माझ्याकडेच येतात. नाही म्हणवत नाही. पण टेन्युअरचं (कायम नोकरीचं) काय होणार?

उत्तर : तुमच्या दुखण्याला नाव आहे. स्टॅनफर्डचे आमादो पादिया यांनी १९९४ मध्ये त्याला ‘सांस्कृतिक कर’ म्हटलं. हा कर पगारातून नाही, वेळेतून कापला जातो आणि त्याची पावती मिळत नाही. हातात पावती नसेल तर टेन्युअर समितीच्या लेखी ते काम झालेलंच नसतं. म्हणून पहिली गोष्ट, पावती तयार करायला लागा.

तुमच्या नेमणुकीच्या पत्रात कामाची वाटणी असेल, बहुधा ४० टक्के संशोधन, ४० टक्के अध्यापन, २० टक्के सेवा. अध्यापनप्रधान संस्थेत सत्राला चार-चार विषय असतात आणि संशोधनाचा वाटा आणखी आक्रसतो. आठवड्याचे ४५ तास धरले तर २० टक्के म्हणजे ९ तास. चार आठवडे साधी वही ठेवा : तारीख, काम, मिनिटं. मुलं दारात येऊन बसतात तो वेळही लिहा. बहुतेकांचा आकडा १५-१६ तासांवर जातो. तो कागद घेऊन विभागप्रमुखांकडे जा आणि तक्रार करण्याऐवजी पर्याय मागा : एका समितीतून सुटका, किंवा सत्राला एका विषयाची सूट. कबूल झालेलं त्याच दिवशी ईमेलने लिहून पाठवा, ‘आजच्या बोलण्याप्रमाणे...’ असं. विभागप्रमुख दर तीन वर्षांनी बदलतात, तोंडी शब्द त्यांच्यासोबत जातो.

दुसरं, सेवेचं संशोधनात रूपांतर. सल्लागारीतून पहिल्या पिढीच्या (घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या) मुलांबद्दल जे दिसतं त्यावर लेख होऊ शकतो, मात्र विद्यार्थ्यांची माहिती गोळा करण्याआधी विद्यापीठाच्या नीतिसमितीची मंजुरी घ्यायला हवी. आधी माहिती जमवली आणि नंतर मंजुरी मागितली तर ती माहिती वापरता येत नाही, वर्ष फुकट जातं. ही चूक नेहमीची आहे.

तिसऱ्या वर्षाचा आढावा रंगीत तालीम समजा. फाइल सहाव्या वर्षाच्या सुरुवातीला जाते, पण बाहेरच्या तज्ज्ञांची नावं पाचव्या वर्षाच्या वसंत ऋतूतच मागतात. त्यांत तुमच्यासोबत लेख लिहिलेलं किंवा तुमचे मार्गदर्शक असलेलं कुणी चालत नाही. म्हणजे आतापासून दोन-तीन परिषदांत अनोळखी ज्येष्ठांशी ओळख हवी. टेन्युअर नाकारली तर साधारण एक शेवटचं वर्ष मिळतं आणि मग निरोप. तुम्ही व्हिसावर असाल तर आणखी एक मुदत लक्षात ठेवा : शिकवण्याच्या पदासाठी ग्रीन कार्डची विशेष सवलतीची कामगार-प्रमाणपत्र प्रक्रिया निवड झाल्यापासून १८ महिन्यांच्या आत दाखल व्हावी लागते. तिसरं वर्ष चालू आहे म्हणजे ती मुदत गेली असेल. दाखल झालं होतं की नाही, हे आजच मानव संसाधन विभागाला विचारा.

आणि ‘नाही’ म्हणण्याबद्दल : समितीला नाही म्हणा, मुलाला नको. मुलाला मात्र वेळ ठरवून द्या, मंगळवारी तीन ते पाच.

प्रश्न (शिकागो) : ‘टायटल फाइव्ह’चं अनुदान मिळवायला आमच्या कॉलेजने समिती नेमली आहे. मी हिशेब विभागात आहे. नेमकं कसं चालतं?

उत्तर : दोन पायऱ्या असतात आणि पहिलीच अनेक जण विसरतात. आधी पात्रतेचा अर्ज : गरजू विद्यार्थी आणि कमी खर्च या दोन अटी पूर्ण होतात, किंवा होत नसतील तर सवलत का द्यावी, हे दाखवायचं. ही खिडकी वर्षाच्या सुरुवातीला काही आठवडेच उघडी असते. ती चुकली तर मुख्य प्रस्ताव कितीही सरस असो, उपयोग नाही. मग स्पर्धेचा प्रस्ताव, पाच वर्षांचा. अलीकडच्या फेऱ्यांत एका संस्थेला वर्षाला सुमारे ६ लाख डॉलरपर्यंत मर्यादा होती.

तुमच्या विभागाने लक्ष ठेवायच्या गोष्टी तीन. पैसा संस्थेची ताकद वाढवण्यासाठी आहे : प्रयोगशाळा, शिकवणी केंद्र, शिक्षक प्रशिक्षण, विद्यार्थी-नोंदींची यंत्रणा. फक्त हिस्पॅनिक मुलांना वाटण्यासाठी तो नाही, उभारलेल्या सोयी सगळ्यांना खुल्या असतात. अनुदानाच्या २० टक्क्यांपर्यंत रक्कम कायम निधीत टाकता येते, पण तेवढीच रक्कम संस्थेने बाहेरून उभी करावी लागते. आणि तिसरी, जी सगळ्यात महाग पडते : या पैशावर नेमलेल्या समुपदेशकांचे पगार सहाव्या वर्षी कोण देणार? प्रस्तावात दरवर्षी २० टक्के पगार संस्थेच्या अंदाजपत्रकात सरकवत नेण्याचा तक्ता असेल तर पाचव्या वर्षाअखेर माणसं टिकतात. नसेल तर शिकवणी केंद्राच्या दाराला कुलूप आणि भिंतीवर फलक तेवढा उरतो. मुलांना सेवा काय मिळाली हे न पाहता टक्केवारी मिरवणाऱ्या संस्थांवर जीना अॅन गार्सिया आणि इतर अभ्यासकांनी टीका केली आहे ती याचसाठी. प्रस्तावात मोजमापही तसंच ठेवा : पहिल्या वर्षाचं गणित किती जण पास झाले, दुसऱ्या वर्षाला किती परतले. ‘जागरूकता वाढली’ यासारखं वाक्य परीक्षकाला गुण द्यायला काहीच देत नाही.

हे सगळं नेहमीच्या काळाचं झालं. अर्ज लिहायला घेण्याआधी पुढचं उत्तर वाचा.

प्रश्न (ठाणे) : ट्रम्प सरकारने हे सगळं बंद केलं, असं वाचलं. खरं किती?

उत्तर : टप्प्याटप्प्याने पाहू. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यांत प्रवेशप्रक्रियेत वंशाचा विचार घटनाबाह्य ठरवला. तो निकाल प्रवेशाबद्दल होता, एचएसआयबद्दल नव्हता. १ जानेवारी २०२४ पासून टेक्सासच्या कायद्याने सरकारी विद्यापीठांतले विविधता विभाग बंद झाले. वर्गातलं अध्यापन आणि संशोधन या कायद्यातून वगळलेलं आहे, आणि तिथे काम करणाऱ्याने ती ओळ पाठ करून ठेवावी. त्याच महिन्यात फ्लोरिडाने समाजशास्त्राचा प्राथमिक विषय सरकारी विद्यापीठांच्या गाभा अभ्यासक्रमातून काढला. पुण्याच्या वाचकांनी हेही लक्षात घ्यावं.

जून २०२५ मध्ये टेनेसी राज्याने आणि हार्वर्डवर खटला भरणाऱ्याच संघटनेने एचएसआय अनुदानालाच आव्हान दिलं. टेनेसीचं म्हणणं असं की आमच्या सरकारी विद्यापीठांत हिस्पॅनिक मुलं आहेत, पण २५ टक्के भरत नाहीत म्हणून पैसा नाही, हा वांशिक कोटाच झाला. जुलैमध्ये ‘हाकू’ने स्वतः बाजू मांडण्याची परवानगी मागितली, आणि केंद्रीय न्याय खात्याने या कार्यक्रमाचा बचाव करणार नसल्याचं कळवलं. सप्टेंबरमध्ये शिक्षण खात्याने अशा अनेक अल्पसंख्याक-संस्था कार्यक्रमांचा सुमारे ३५ कोटी डॉलरचा ऐच्छिक निधी थांबवला. कायद्याने देणं बंधनकारक असलेला भाग मात्र देणार, असंही सांगितलं. म्हणजे व्याख्या कायद्यात आहे, संस्था जागेवर आहेत, मुलंही आहेत. २०२५ मध्ये आटला तो पैशाचा मोठा झरा. त्यावर उभी असलेली नोकरी कुणी घेत असेल तर पगार कुठल्या खात्यातून येतो, हे नेमणुकीआधी लेखी विचारावं.

प्रश्न (ह्यूस्टन) : बहुसांस्कृतिक वर्ग वगैरे ऐकायला छान वाटतं. मी कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवते. मी वेगळं काय करायचं?

उत्तर : हजेरीपासून सुरुवात करा. स्पॅनिश पद्धतीत दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं, मग आईचं. ‘मारिया लोपेझ कास्त्रो’ ही लोपेझ आहे, कास्त्रो नव्हे. आपल्याला मधलं नाव वडिलांचं असतं याची सवय, त्यामुळे मराठी शिक्षकाची इथे हमखास गल्लत होते. नोंदणी विभागाचीही होते, मग एकाच मुलीच्या नावावर दोन नोंदी तयार होतात आणि शिष्यवृत्ती तिसरीकडेच जाते. पहिल्याच तासाला कार्डावर लिहून घ्या : तुला काय म्हणून हाक मारू?

लॉरा रेंदोन यांचं १९९४ चं म्हणणं इथे कामाचं आहे. पहिल्या पिढीतलं मूल मदत मागायला येत नाही, आपण इथले नव्हेत अशी त्याची आधीच समजूत असते. म्हणून शिक्षकाने पहिलं पाऊल टाकायचं. गणितात त्याचा अर्थ असा की पहिली चाचणी तिसऱ्या आठवड्याच्या आत घ्या, आणि ६० पेक्षा कमी गुण असलेल्या प्रत्येकाला दोन ओळींची ईमेल पाठवा, वेळ आणि खोली क्रमांक देऊन. ‘गरज वाटल्यास भेटा’ असं लिहिलं तर कुणी येत नाही.

आर्थिक मदतीच्या अर्जाबद्दल मुलं विचारतील. २०२४-२५ च्या नव्या अर्जात सोशल सिक्युरिटी क्रमांक (अमेरिकी सरकारी ओळख क्रमांक) नसलेल्या पालकांच्या मुलांचे अर्ज महिनोन्महिने अडकले होते. अशा मुलाला मदत कार्यालयात स्वतः घेऊन जा. पण त्याच्या घरच्यांकडे अमेरिकेत राहण्याची कागदपत्रं आहेत की नाहीत, हे ईमेलमध्ये, टिपणात, कुठेही लिहू नका. लिहिलेलं कागदपत्र मागवता येतं.

प्रश्न (सोलापूर) : मी एम.ए. इतिहास. हिस्पॅनिक नसताना या क्षेत्रात शिरता येतं का? स्पॅनिश किती लागतं?

उत्तर : येतं. जात, भाषा आणि शिक्षण यांच्या गुंत्याचा अभ्यास केलेला मराठी विद्यार्थी रिकाम्या हाताने जात नाही. सिद्धार्थ, मिलिंद या महाविद्यालयांच्या उभारणीचा इतिहास आणि ओस्तोससारख्या कॉलेजचा इतिहास शेजारी ठेवून काम करायला भरपूर वाव आहे. फक्त अर्जात ‘त्यांचा आवाज बनायचं आहे’ असली वाक्यं नकोत. तिथले लोक स्वतः बोलतात.

स्पॅनिशच्या पायऱ्या ए-१ ते सी-२ अशा सहा. कागदपत्रं वाचायला बी-२ पुरतं, मुलाखती घ्यायच्या तर सी-१ हवं. रोज दीड तास दिला तरी शून्यापासून बी-२ ला दोन वर्षं धरा. ‘देले’ ही परीक्षा दिल्लीचं इन्स्तितुतो सेर्वान्तेस घेतं. प्राध्यापकीच्या जाहिराती ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये येतात. अर्जासोबत पूर्वी ‘विविधता निवेदन’ (विविधतेसाठी आपण काय केलं याचं टिपण) सर्रास मागत. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत आता ते मागताच येत नाही, कॅलिफोर्निया विद्यापीठानेही मार्च २०२५ मध्ये ते मागणं थांबवलं. तेच अनुभव अध्यापन निवेदनात ठोस उदाहरणांनी लिहा.

भाषेतली एक जागा आताच सांगून ठेवतो, कारण दर डिसेंबरात कुठल्या ना कुठल्या विद्यापीठाच्या फलकावर हा घोळ होतो. ‘आन्यो’ म्हणजे वर्ष. त्यातल्या ‘एन’वर लाटेसारखी खूण असते. टंकलिपीत ती गळली की शब्द ‘आनो’ होतो, आणि त्याचा अर्थ गुदद्वार. नव्या वर्षाच्या शुभेच्छांचं काय होतं ते तुम्हीच जुळवा. पत्रक छपाईला जाण्याआधी स्पॅनिश मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्याला वाचायला द्या, आणि त्या तासाचे पैसे त्याला द्या.